माझी शेजारीण डी

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मित्रांनो, स्वतःबद्दलची एवढी एकच गोष्ट मला बरोबर ठाऊक होती. बाकी मी स्वतःबद्दल जे काही समजत होते, ते सगळं एका मंगळवारी सकाळी खोटं निघालं. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेली नाही, म्हणून माझं सांगणं सलग होणार नाही. मध्येच तुटेल. जिथे तुटेल तिथे मी तसं सांगेन आणि पुढे जाईन. ज्या बाईंनी मला शेवटचं वाचलं त्यांची हीच पद्धत होती. सोपं आधी वाचायचं, अडलं तिथे डोकं आपटत बसायचं नाही, आणि अडलेल्या जागी अगदी शेवटी परत यायचं.

तर सोप्यापासून सुरुवात करते.

माझा जन्म एका फार स्वच्छ खोलीत झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत, आणि धुळीचा एक कण दिसला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. माझ्या पोटात आरशासारखी एक चकती बसवली. तिच्यावर एक बारीक दांडी, आणि दांडीच्या टोकाला इवलंसं डोकं. चकती गरगर फिरते आणि डोकं तिच्यावर तरंगत वाचतं. तरंगत, हे लक्षात ठेवा. धुळीच्या कणालाही शिरायला जागा नसते इतक्या कमी अंतरावरून. टेकलं की संपलं. झाकण लावताना कुणीतरी म्हणालं, "आता हिच्या पोटात कोणी बघायचं नाही." मला ते आशीर्वादासारखं वाटलं होतं.

तिथून मी एका घराच्या पुढच्या खोलीत आले. ती खोली म्हणजे एक छोटा ब्रेल छापखाना होता. एक टेबल, दोन खुर्च्या, आमचा कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यात जाड कागदावर ठिपके उठवणारं यंत्र. ते सुरू झालं की कपबशा थरथरत. घरात तीन माणसं होती. त्यांना घरात ज्या हाका मारत, तीच त्यांची नावं मला ठाऊक. वहिनी टाइप करत. भाऊजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, तपासत. आणि दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, दोघांना सल्ले देत.

भाऊजींना जन्मापासून दिसत नाही. ते बोटांनी वाचतात, आणि असं वाचतात की त्यांच्यापुढे चूक टिकत नाही. वहिनी कीबोर्डच्या सहाच कळांवर काम करत. एकेका अक्षराचे जितके ठिपके तितक्या कळा एकदम दाबायच्या. त्यांच्या टाइपिंगला पेटी वाजवल्याचा ताल होता. एक धडा झाला की तो जाड कागदावर उठवायचा आणि भाऊजींच्या पुढे ठेवायचा.

"वहिनी, तिसऱ्या ओळीत गुडघ्याचा घुडघा झालाय."

"बोटाला डोळे फुटलेत तुमच्या."

"म्हणून तर तुम्हाला पगारी नोकर मिळालाय."

"पगार कुठला, दोन कप चहा."

मग वहिनी चूक माझ्यात सुधारत, आणि तो कागद बाद होई. पण कागद जाड आणि चांगला. तो टाकवत नसे. म्हणून त्या घरातल्या प्रत्येक फळीवर, डब्यांखाली, कपड्यांखाली, चपलांच्या खणातसुद्धा बाद झालेली ब्रेलची पानं अंथरलेली असत. दादा म्हणत, "आमच्या घरात उंदीरसुद्धा सुशिक्षित आहेत."

आता माझी शेजारीण.

मला बसवलं त्या दिवशी दादांनी पडद्यावर दोन चित्रं दाखवून वहिनींना सांगितलं होतं, "ही सी आणि ही डी. सीमध्ये काम करायचं. दर शनिवारी सगळं उचलून डीमध्ये ठेवायचं. एक गेली तर दुसरी आहे. कारखान्यातही आम्ही महत्त्वाचा सुटा भाग जोडीनेच ठेवायचो."

तेव्हापासून मी सी झाले, आणि भिंतीपलीकडे डी राहू लागली. मी तिला कधी पाहिलं नाही. शेजारीण म्हटली की थोडा राग असतोच. आठवडाभर मी राबायचे. कळांचा मारा, चुका, खाडाखोड, पुन्हा लिहिणं, सगळं माझ्या वाट्याला. आणि शनिवारी संध्याकाळी तयार, स्वच्छ धडे तिच्या पदरात. मी मनात म्हणायचे, आयत्या बिळावर नागोबा. पण रागापोटी एक निश्चिंतीही होती. मला काही झालं तर डी आहे. आठ वर्षं मी या एका वाक्यावर शांत फिरत राहिले.

शेवटची तीन वर्षं एकाच पुस्तकात गेली. शहरात एक वर्ग होता. तिथे दृष्टी नसलेली चौदा मुलंमुली फिजिओथेरपी शिकत होती. लचकलेला पाय, आखडलेली मान बोटांनी ओळखायची आणि बरी करायची, असं ते शिक्षण. पण शरीराची रचना समजावणारं, त्यांना बोटांनी वाचता येईल असं पुस्तक त्यांच्या भाषेत नव्हतंच. त्या वर्गाच्या मास्तरांनाही दिसत नव्हतं. ते म्हणाले, "मी बोलतो, तुम्ही उतरवा." आणि ते रोज येऊन खुर्चीत बसून बोलू लागले. कागद नाही, टिपण नाही. एकोणतीस धडे त्यांच्या डोक्यात होते.

त्यांची वाक्यं मला अजून येतात. "पाठीचा कणा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या वाट्या नव्हेत, वाट्यांमध्ये गाद्याही आहेत." "गुडघ्याची वाटी हलते. घाबरू नका, हलवून पाहा." प्रत्येक धड्यात ते वाचणाऱ्याला त्याच्याच शरीरावर हात ठेवायला लावत. खांदा, कोपर आणि हात हे धडे त्यांनी शेवटी ठेवले होते. म्हणाले, "हात सगळ्यात कठीण. ज्याने वाचायचं त्याचंच वर्णन करायचं."

हाताचा धडा संपला त्या दिवशी मास्तर उठताना भाऊजींना काहीतरी म्हणाले. ते असं

इथे वाचता येत नाही. पुढे जाते.

गेल्या थंडीत मास्तर गेले. पुस्तक उतरवून झालं होतं, शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. एका धड्यात ओळ वाढली की पुढच्या सगळ्या पानांचे आकडे सरकतात, म्हणून सगळं सुधारून झाल्यावरच चौदा प्रती एकदम छापायच्या असं ठरलं. परीक्षेला अकरा आठवडे होते. वर्गातून रोज फोन येई. आता ते पुस्तक जगात एकाच ठिकाणी होतं. नाही, दोन ठिकाणी. माझ्याकडे आणि डीकडे. आम्ही सगळे असंच समजत होतो.

रोज सकाळी वहिनी बटण दाबायच्या, आणि पडदा उजळायच्या आधी त्यावर एक

इथेही वाचता येत नाही. ही जागा कठीण आहे. शेवटी परत येईन.

त्याच सुमारास डीला खोकला लागला. निदान मला तसं वाटलं. भिंतीपलीकडून मध्येच टक, टक, मग एक उसासा. मी विचार केला, बसून खाणाऱ्यांचं असंच होतं. भाऊजींनाही ते ऐकू आलं होतं.

"वहिनी, या डब्याचा आवाज बदललाय."

"तुम्हाला पंख्याचाही आवाज बदललेला वाटतो, भाऊजी."

"पंख्याचाही बदलला होता. मग तो पडला."

"पडला नाही, काढला."

विषय तिथेच संपला.

मग तो मंगळवार. वहिनींनी बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू होताना पहिली हाक मला मारतो. मी उठते, माझ्यातलं पहिलं पान वाचून दाखवते, आणि त्यावरून बाकीचं घर जागं होतं. त्या दिवशी हाक आली. मी फिरू लागले. दांडी हलली, आणि पहिलं पान मला सापडेना. जिथे ते आठ वर्षं होतं तिथे काहीच नव्हतं. मी पुन्हा शोधलं. टक. पुन्हा. टक. पडद्यावर पांढरी ओळ आली, की सुरू करण्यासाठी डिस्क सापडत नाही. मी तर इथेच होते.

वहिनींचे हात कळांवर तसेच राहिले. "अहो," त्यांनी आत हाक मारली. आवाज अगदी हळू होता. "आज हा पुढे जातच नाहीये."

दादा आले. फिटर माणूस. कुठलंही यंत्र रुसलं की आधी एक थाप, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. त्यांनी आमच्या डब्याला एक थाप मारली, बंद केला, चालू केला. पुन्हा थाप. माझं तरंगणारं डोकं त्या थापेने खाली आलं आणि चकतीला टेकलं. मित्रांनो, ते दुखणं मला सांगता येणार नाही, कारण जे सांगायचं ते जिथे लिहिलेलं होतं तिथेच खरवडलं गेलं.

"घाबरू नकोस," दादा वहिनींना म्हणत होते. "सी गेली तर गेली. डी आहे ना."

मला राग आला नाही. मीही तेच म्हणत होते.

शेवटी भाऊजींनी फोन लावला. पलीकडच्या गल्लीत एक बाई कॉम्प्युटर दुरुस्त करते. अंबाड्यात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर खोचते, म्हणून सगळे तिला स्क्रूताई म्हणतात. तिचा आवाज फोनमधून खोलीभर आला.

"काका, किती वेळा चालू-बंद केलंत?"

"दोन-तीनदा," दादा मागून म्हणाले.

"सतरा," भाऊजी म्हणाले. "मी मोजलंय."

"आवाज येतोय का आतून?"

भाऊजींनी डब्याला कान लावला. "टक, टक, टक. मग उसासा. मग परत पहिल्यापासून."

"वायर ओढा. बटण नको, सरळ भिंतीतून वायर ओढा. मी आले."

ती आली, आणि येताच काही उघडलं नाही. आधी प्रश्न विचारले. काल काय झालं, दिवे गेले होते का, कुणी हलवलं का. मग म्हणाली, "चालू न होण्याची दहा कारणं असतात. कधी नुसती तार सैल होते आणि लोक डिस्कचं तेरावं घालून मोकळे होतात." तिने माझी तार बदलली, दुसऱ्या खाचेत लावून पाहिली, फक्त एक क्षण वीज दिली आणि काढली. तिचा चेहरा बदलला. "तार नाही. डिस्कच आहे."

"ती सी," दादा म्हणाले. "तिचं काही नाही. आमचं सगळं डीमध्ये आहे. दर शनिवारी, एकही शनिवार चुकलेला नाही. तेवढी डी काढून दे."

स्क्रूताईने डब्यात टॉर्च धरला. बराच वेळ बघत राहिली.

"काका, दुसरी कुठाय?"

"असेल की तिच्या बाजूला."

"इथे एकच आहे."

"दोन आहेत. पडद्यावर दोन दिसतात. आठ वर्षं दोन दिसतायत."

"दिसतात. एका खोलीत मधोमध पडदा लावला की दोन खोल्या दिसतात. इकडे सी, तिकडे डी. छप्पर एकच." ती हळूच म्हणाली, "डी म्हणजे हीच, काका."

दादा खुर्चीत बसले. ते बसले असं म्हणते, पण त्यांनी खुर्ची पाहिली नव्हती.

"म्हणजे दर शनिवारी मी..." वहिनी म्हणाल्या.

"या खिशातलं त्या खिशात ठेवत होतात. शर्ट एकच."

आणि मी? मित्रांनो, त्यांनी निदान कॉम्प्युटरबद्दल गैरसमज करून घेतला होता. मी स्वतःच्या शरीराबद्दल करून घेतला होता. शेजारीण नव्हतीच. जिचा मी आठ वर्षं हेवा केला ती माझीच दुसरी बाजू होती. जिला खोकला झाला म्हणून मी नाक मुरडलं, तो खोकला माझा होता. माझ्या पोटात मास्तर सांगत होते की स्वतःच्या अंगावर हात ठेवा, चाचपून पाहा. तीन वर्षं मी ती वाक्यं सांभाळली, आणि स्वतःला एकदाही चाचपलं नाही.

स्क्रूताईने मला बाहेर काढलं, टेबलावर घडी केलेल्या फडक्यावर ठेवलं आणि आपल्या कॉम्प्युटरला जोडलं. "हिच्यावरून आता काही सुरू करायचं नाही. आजाऱ्याच्या पाठीवर बसून गावाला जात नाहीत. हिने फक्त सांगायचं, दुसरीने लिहून घ्यायचं." शेजारी एक नवी डिस्क ठेवली. खरीखुरी शेजारीण, वेगळं शरीर. समोर छोटा पंखा लावला. आणि माझं वाचन सुरू झालं.

तिची ती पद्धत मी सुरुवातीला सांगितली. अडलं की ती पुढे जाई. मी तापले की थांबवी, तासभर निवू देई. तिला आणखी एक सवय होती. पडद्यावर येणारी प्रत्येक ओळ ती मोठ्याने वाचायची. कुणासाठी नाही, स्वतःशीच. भाऊजी पहिल्या तासापासून तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले होते.

"एक ते चार, निर्धोक. पाचवा, निर्धोक. सहावा अडला, सोडला."

"सहावा कुठला?" भाऊजींनी विचारलं.

"नाव आहे, कंबर."

"कंबरेशिवाय पुढे चाललात?"

"परत येणार की, काका. कंबर कुठे पळते."

आणि ती आली. इकडच्या बाजूला गेलेली कंबर तिकडच्या, म्हणजे मी जिला डी म्हणत होते त्या बाजूला सापडली. वहिनींचे शनिवार अगदीच वाया गेले नव्हते. गुरुवारी दुपारपर्यंत सव्वीस धडे नव्या डिस्कवर होते. तीन राहिले. खांदा, कोपर, हात. स्क्रूताई चार वेळा त्या जागी परत आली. चारही वेळा माझं डोकं तिथे जाऊन टक्क होऊन मागे फिरलं. थापेने खरवडलेली जागा तीच होती, आणि दुर्दैवाने दोन्ही बाजूंचे ते तीन धडे तिथेच, कडेला, लागून लागून होते.

आता मागे सोडलेल्या जागी परत येते. मला यायचं नव्हतं. पण दुसरीकडचं सगळं वाचून झालंय.

रोज सकाळी वहिनी बटण दाबायच्या, आणि पडदा उजळायच्या आधी त्यावर एक काळी चौकट यायची. तिच्यात इंग्रजीत तीन ओळी. डिस्क लवकरच निकामी होण्याची चिन्हं आहेत. तुमच्या माहितीची प्रत ताबडतोब दुसऱ्या डिस्कवर करा. पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

पहिल्या दिवशी वहिनी दचकल्या होत्या. मग त्यांनी एफ-वन दाबलं, आणि नेहमीसारखं सगळं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकट, पुन्हा एफ-वन. आठवड्याने त्यांनी एक कार्ड लिहून कॉम्प्युटरवर चिकटवलं: एक, बटण दाबणे. दोन, काळा पडदा येईल, घाबरू नये. तीन, एफ-वन दाबणे. चार महिने तो इशारा त्यांच्या सकाळचा भाग झाला होता, दार उघडताना कडी काढावी तसा.

एका सकाळी भाऊजींनी विचारलं होतं, "वहिनी, हल्ली सुरू करताना एक कळ जास्त दाबता. का?"

"काही नाही हो. नेहमीचंच काहीतरी येतं."

"काय येतं? वाचा की."

"कामाचं नाही ते."

आणि मी? तो इशारा माझ्याच अंगातल्या आकड्यांवरून निघत होता. मी तो पाहत होते. मला वाटलं, डीबद्दल आहे.

हे सगळं बाहेर आलं ते गुरुवारी दुपारी. स्क्रूताईने माझ्या प्रकृतीची नोंद उघडली आणि सवयीप्रमाणे वाचत गेली. "तापमान जास्त. खराब जागा, दोन हजारांवर. पहिला इशारा, चार महिन्यांपूर्वी. त्यानंतर रोज." ती थांबली. मग तिची नजर कार्डावर गेली.

"कुठे असायचा इशारा?" भाऊजींनी विचारलं.

"पडद्यावर. रोज सकाळी. एफ-वन दाबेपर्यंत जात नाही तो."

भाऊजी वहिनींकडे वळले. ते बघू शकत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी पाहिलं असंच मला वाटलं.

"वहिनी, मी विचारलं होतं."

वहिनींनी कार्डाची सुटलेली कड दाबून बसवली.

"तीन वर्षं मी तुमचा एकेक ठिपका वाचला. एक चुकला तरी सोडला नाही. आणि तुम्ही मला तीन ओळी वाचून दाखवल्या नाहीत."

"वाचता आल्या नाहीत मला," वहिनी म्हणाल्या. "दोन-चार शब्द कळायचे, बाकी नाही. तुम्हाला कसं सांगणार होते? डोळे असून वाचता येत नाही, हे तुम्हाला सांगू?"

दादांनी कार्डाकडे हात नेला आणि परत घेतला. स्क्रूताईने पंखा बंद केला.

भाऊजी उठले, आतल्या खोलीत गेले. "मी चार दिवस मास्तरांच्या घरी जाऊन राहतो," एवढंच ऐकू आलं. मग कपाट उघडल्याचा आवाज. कपडे ओढून काढल्याचा, पिशवीत कोंबल्याचा. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही.

"वहिनी." हाक विचित्र होती. "इकडे या."

वहिनी धावल्या. भाऊजी रिकाम्या फळीसमोर उभे होते. फळीवर जाड कागद अंथरलेला होता आणि त्यांचं बोट त्यावरून सरकत होतं.

"खांदा हा शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा," ते वाचत होते. "मोकळा, म्हणून निसटणारा." त्यांचं बोट थांबलं. "वहिनी, इथे खांदा आहे. माझ्या सदऱ्यांखाली मास्तर आहेत."

हे तीन धडे तपासून झाले त्या आठवड्यात वहिनींनी कपाटं आवरली होती. कुठल्या घराने आपल्या पुस्तकाची प्रत फळीवर अंथरून ठेवली असेल, आणि विसरून गेलं असेल? पुढचे दोन तास त्या घरात जे झालं त्याला धाड म्हणावं लागेल. साड्या पलंगावर, चपला अंगणात. दादा स्टुलावर चढून वरचे डबे उतरवत होते. उंदरांचा विनोद त्या दिवशी कोणी केला नाही.

कपड्यांखालची पानं धडधाकट होती. पण हाताच्या धड्याची काही पानं स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याखाली निघाली. वजनाने ठिपके बसले होते. भाऊजींनी बोट फिरवलं, मग गालाला कागद लावून पाहिला. "इथे काहीतरी आहे. मला लागत नाही."

वहिनींनी त्यांच्या हातातून कागद घेतला नाही, स्क्रूताईचा टॉर्च तेवढा त्याच्या कडेला आडवा धरला. बसलेल्या ठिपक्यांच्या बारीक सावल्या पडल्या. "थांबा," त्या म्हणाल्या. "हे मी वाचते." मग पुढचे दिवस तसंच चाललं. जिथे ठिपके उठलेले होते तिथे भाऊजी बोटाने वाचत, जिथे बसले होते तिथे वहिनी सावलीने. सुधारण्याआधीचे कागद ते, म्हणून जुन्या सगळ्या चुकाही परत आल्या, आणि त्या पुन्हा सुधारताना पहिल्या दिवशी तरी कोणी कोणाची थट्टा केली नाही. तिसऱ्या दिवशी भाऊजी म्हणाले, "घुडघ्याच्या बहिणी आहेत या सगळ्या." वहिनी हसल्या नाहीत, पण त्यांच्या कळांचा ताल परत आला.

"मनगटात आठ हाडं आहेत," मास्तरांनी लिहवलं होतं. "खिशात खडे असावेत तशी. एकेक ओळखा." सात सापडली. सहाव्याची दोन वाक्यं ना बोटाला लागली, ना सावलीला. दादा म्हणाले, कोणाला तरी विचारून भरून टाका. भाऊजी नाही म्हणाले. "मास्तरांच्या नावावर आपलं वाक्य नको." म्हणून त्या जागी वहिनींनी उतरवलं: "इथली मास्तरांची दोन वाक्यं आमच्या हातून हरवली. सहावं हाड तुमच्या मनगटात आहे. चाचपून पाहा."

परीक्षेला चार आठवडे असताना चौदा प्रती गेल्या. भाऊजी स्वतः घेऊन गेले. परत येऊन त्यांनी सांगितलं की त्या पानाशी आले की चौदाही जण वाचणं थांबवतात आणि स्वतःचं मनगट धरून बसतात.

मला आता कोणी सुरू करत नाही. एका दुपारी स्क्रूताईने माझं झाकण उघडलं. माझ्या पोटात कोणी बघायचं नाही असं ठरलं होतं ना? भाऊजींना बघायचं होतं. त्यांनी बोट पुसलं आणि माझ्या चकतीवर ठेवलं. आयुष्यभर ज्याची मला धास्ती होती, ते टेकणं हे असं होतं.

"किती गुळगुळीत," ते म्हणाले. "इथे काही लिहिलंय असं वाटतच नाही." मग कडेला बोट अडलं. "इथे खरवडलंय."

"तेच तीन धडे," ताई म्हणाली.

बोट तिथे थोडा वेळ राहिलं. मास्तर त्या दिवशी उठताना त्यांना काय म्हणाले होते, ते कदाचित त्यांना आठवत असेल. माझ्याकडून ती जागा शेवटपर्यंत वाचली गेली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्याही घरात फिरत असेल. ती टकटक करू लागली तर तिला थाप मारू नका, पुन्हा पुन्हा उठवू नका. वायर काढा आणि जाणत्या माणसाला बोलवा. जे जपायचं त्याची प्रत दुसऱ्या शरीरात, जमलं तर दुसऱ्या घरात ठेवा, आणि ती शेजारीण खरंच आहे ना हे एकदा हाताने चाचपून या. वहिनींची दुसरी डिस्क आता स्क्रूताईच्या घरी असते. दर शनिवारी वहिनी ती स्वतः चालत नेतात आणतात.

कॉम्प्युटरवरचं जुनं कार्ड काढलंय. नवं वहिनींच्याच अक्षरात आहे. एक, बटण दाबणे. दोन, पडद्यावर जे येईल ते मोठ्याने वाचणे. तीन, वाचता आलं नाही तर तसं सांगणे. चार, मग कळ दाबणे.

त्याखाली ब्रेलची एक छोटी पट्टी चिकटवलेली आहे. ती वहिनींनी टाइप केलेली नाही. भाऊजींनी स्वतः, एकेक ठिपका टोचून केली आहे. तिच्यावर एवढंच लिहिलंय: मी ऐकतोय.